मैदानावरच्या शंका : ड्रॉ, बाय, गोलफरक आणि निवड

आंतरमहाविद्यालयीन हॉकीचा मोसम आला की ड्रॉ (कोणाची गाठ कोणाशी, हे ठरवणं) आणि निवडीबद्दलच्या पत्रांचा ढीग जमतो. त्यातली काही पत्रं या अंकात घेतली आहेत. गावांची नावं ठेवली आहेत. कॉलेजांची आणि माणसांची काढली आहेत.

प्रश्न : आमच्या गटात ११ संघ होते, स्पर्धा बाद पद्धतीची. यजमान कॉलेजला बाय (पहिली फेरी न खेळता थेट दुसरीत प्रवेश) मिळाला. आमचा सामना पहिल्याच दिवशी सकाळी ८ ला. तो जिंकलो, तर दुपारी साडेतीनला याच यजमानांशी पुन्हा उतरावं लागलं. ३-१ ने हरलो. यजमानालाच बाय द्यायचा असा काही नियम आहे का? आमच्या पोरांनी कोणाचं घोडं मारलं होतं?
*— क्रीडा संचालक, दारव्हा (जि. यवतमाळ)*

असा नियम नाही. पण तुमचं खरं नुकसान बायने झालं नाही, त्या साडेतीनच्या सामन्याने झालं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून पाहू.

आधी बायचं गणित. दोनापासून दुप्पट होत जाणाऱ्या आकड्यांतला (२, ४, ८, १६…) ११ च्या पुढचा आकडा १६. १६ वजा ११ म्हणजे ५ बाय. यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. वरच्या अर्ध्यात ६ संघ (क्रमांक १ ते ६), खालच्या अर्ध्यात ५ (क्रमांक ७ ते ११). बाय कोणत्या जागांना जातात तेही ठरलेलं आहे. पहिला खालच्या अर्ध्याच्या शेवटच्या जागेला, म्हणजे ११ ला. दुसरा वरच्या अर्ध्याच्या पहिल्या जागेला, १ ला. तिसरा खालच्या अर्ध्याच्या पहिल्या जागेला, ७ ला. चौथा वरच्या अर्ध्याच्या शेवटच्या जागेला, ६ ला. पाचवा पुन्हा खाली, शेवटून दुसऱ्या जागेला, १० ला. पहिल्या फेरीत उरतात तीनच सामने : २-३, ४-५ आणि ८-९. एकूण सामने संघांपेक्षा एक कमी, म्हणजे १०.

थोडक्यात, बाय जागेला मिळतो, संघाला नाही. त्या जागेवर कोण बसणार हे कसं ठरलं, एवढंच विचारायचं असतं. मागच्या वर्षीच्या चार उपांत्य संघांना मानांकन देणार असाल तर विजेता १ वर, उपविजेता ११ वर, आणि उरलेल्या दोघांपैकी ६ वर कोण, ७ वर कोण हे चिठ्ठीने. मानांकन द्यायचं की नाही हे प्रवेशिका मागवणाऱ्या परिपत्रकातच असायला हवं. ड्रॉच्या सकाळी ठरवलेलं मानांकन कितीही सरळ असलं तरी वाकडंच दिसतं. बाकीच्या सात संघांसाठी दोन भांडी : एकात संघांची नावं, दुसऱ्यात २, ३, ४, ५, ८, ९ आणि १०. चिठ्ठ्या एकाच वहीच्या कागदाच्या, एकाच मापाच्या, दोनच घड्या घातलेल्या. उचलणारा स्पर्धेत नसलेल्या कॉलेजचा विद्यार्थी किंवा पंच. चिठ्ठी उघडली की मोठ्याने वाचायची, फळ्यावर लिहायची, आणि शेवटी फळ्याचा फोटो सगळ्या मॅनेजरांच्या ग्रुपवर टाकायचा. यजमान वरच्या चौघांत नसेल तर त्याची चिठ्ठी बाकीच्यांसोबत त्याच भांड्यात. तुमच्याकडे यातलं काही झालं नसेल तर तक्रारीला जागा आहे.

आता साडेतीनचा सामना. वरचा तक्ता पुन्हा पाहा. उपांत्यपूर्व फेरीत १ ची गाठ २-३ च्या विजेत्याशी, ६ ची ४-५ च्या विजेत्याशी, ७ ची ८-९ च्या विजेत्याशी. तिन्ही ठिकाणी बायवाला संघ ताजा आणि समोरचा एक सामना खेळून आलेला. हे सामने दुसऱ्या दिवशी असतील तर या फरकाला फारसा अर्थ उरत नाही, तरणी पोरं आहेत. त्याच दिवशी लावले की ६० मिनिटं पळून झालेली पोरं, डब्यातली पोळी-भाजी खाऊन, सहा तासांनी विश्रांती घेतलेल्या संघापुढे उभी राहतात. पहिल्या दिवशी बिनदिक्कत लावता येण्यासारखा उपांत्यपूर्व सामना एकच, १०-११. तिथे दोघेही बायवाले, दोघेही ताजे.

म्हणून ११ संघांचं वेळापत्रक असं लावा. पहिला दिवस : पहिल्या फेरीचे तीन सामने आणि दुपारी १०-११. दुसरा दिवस : उरलेले तीन उपांत्यपूर्व. तिसरा दिवस : दोन्ही उपांत्य. चौथ्या दिवशी अंतिम. खर्चापायी चौथा दिवस परवडत नसेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी उपांत्य आणि संध्याकाळी अंतिम घ्या. एका दिवसात दोन सामने तिथेही होतात, पण दोन्ही अंतिम संघांची दमणूक सारखी असते. फक्त दोन उपांत्य सामन्यांमध्ये फार वेळ जाऊ देऊ नका. एका सामन्याला १५ मिनिटांचे चार भाग, मधल्या विश्रांत्या आणि आत-बाहेर धरून ९० मिनिटं सोडली की पुरतं.

दोन दिवसांत सगळं उरकण्याचा आग्रह यजमानाचा असेल तर त्याला एकच विचारा : बाय न मिळालेल्या संघाला एका दिवसात दोन सामने खेळावे लागणार आहेत का? उत्तर ‘हो’ असेल तर ड्रॉ कितीही पारदर्शक काढला तरी स्पर्धा तिथेच कलली.

प्रश्न : आम्ही तालुक्यातले ६ संघ मिळून साखळी पद्धतीने खेळतो. मैदान एकच, दिवस ५, रोज ३ सामने : सकाळी ८, सकाळी १० आणि दुपारी साडेतीन. दरवर्षी कोणाला तरी १० चं ऊन सारखं मिळतं आणि भांडण होतं. तक्ता कसा करावा?
*— एक आयोजक, आर्वी (जि. वर्धा)*

साखळीचा तक्ता करायची प्रचलित रीत अशी : १ ला एका जागी बसवायचं आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती एकेक घर फिरवत जायचं. जोड्या बरोबर निघतात, १५ सामने पाच दिवसांत बसतात, कोणी कोणाला दोनदा भेटत नाही. पण आयोजक ओळी जशाच्या तशा उतरवतात आणि गफलत तिथे होते, कारण १ चा सामना रोज ओळीच्या सुरुवातीला येतो. मग १ नंबरचा संघ पाचही दिवस सकाळी ८ ला खेळतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात उभा राहायचा वाटा बाकीच्यांचा.

जोड्या त्याच ठेवून वेळा अशा लावा. पहिला दिवस : ८ ला १-६, १० ला २-५, साडेतीनला ३-४. दुसरा दिवस : ४-६, २-३, १-५. तिसरा : ३-५, १-४, २-६. चौथा : २-४, ५-६, १-३. पाचवा : १-२, ३-६, ४-५. बोट ठेवून मोजून पाहा. कोणत्याही संघाला कोणतीही वेळ एकदा किंवा दोनदाच येते, तीनदा कोणालाच नाही.

यातही एक खोट आहे, ती आधीच सांगून टाका. साडेतीनला खेळून दुसऱ्या सकाळी ८ ला पुन्हा उतरायची पाळी १, २, ४ आणि ५ या संघांवर एकेकदा येते; ३ आणि ६ वर एकदाही नाही. सगळं एकाच वेळी सारखं करता येत नाही. म्हणून तक्ता आधी छापायचा, सगळ्यांना वाचायला द्यायचा आणि संघांना क्रमांक नंतर चिठ्ठीने द्यायचे. तक्ता करणाऱ्याला स्वतःचा संघ कुठे बसणार हे ठाऊक नसलं की तो आपोआप सरळ तक्ता करतो.

५ संघ असतील तर हाच तक्ता घ्या आणि ६ नंबर रिकामा ठेवा. ज्याची गाठ ६ शी, त्याला त्या दिवशी विश्रांती. प्रत्येकाला ती एकेकदाच मिळते.

प्रश्न : चार संघांच्या गटातून दोघे उपांत्य फेरीत जाणार होते. तीन संघांचे गुण सारखे झाले. आम्ही ज्यांना २-० ने हरवलं तेच गोलफरकावर पुढे गेले आणि आम्ही घरी. हा कुठला न्याय?
*— संघाचा कर्णधार, मेहकर (जि. बुलढाणा)*

नियमात ते बसतं. तो नियम तुमच्या स्पर्धेला शोभतो का, हा वेगळा प्रश्न. तुम्ही पाठवलेले निकाल मांडून पाहू. तुम्ही अ. अ ने ब ला २-० हरवलं, ब ने क ला ३-१, क ने अ ला १-०. चौथा संघ ड सगळ्यांशी हरला : अ शी ०-३, ब शी ०-४ आणि क शी ०-११. तिघांचे ६-६ गुण.

सगळे सामने धरून गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) काढला तर क अधिक १०, अ अधिक ४ आणि ब सुद्धा अधिक ४. अ आणि ब मध्ये केलेले गोल पाहायचे : ब चे ७, तुमचे ५. म्हणजे क आणि ब पुढे, अ बाहेर.

आता ड ला बाजूला ठेवून तिघांचेच आपसातले सामने मोजा. अ अधिक १, ब शून्य, क उणे १. म्हणजे अ आणि ब पुढे, क बाहेर. तेच सामने, तेच गोल, आणि पहिल्या हिशेबात गटात पहिला आलेला संघ दुसऱ्या हिशेबात घरी. सगळा खेळ त्या ११ गोलांनी केला. तुमच्याच पत्रात आहे की ड चा तो शेवटचा सामना होता आणि त्यांची नऊच पोरं मैदानात होती. दोघे कापूस वेचायला घरी गेले होते. नऊ जणांवर चढवलेल्या ११ गोलांनी क चा खेळ चांगला की वाईट, हे काहीच कळत नाही.

हॉकीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गुण सारखे झाले तर आधी जिंकलेले सामने, मग सगळ्या सामन्यांचा गोलफरक, मग केलेले गोल आणि त्यानंतर आपसातला सामना पाहतात. तिथे गटातला तळाचा संघही अकरा खेळाडू घेऊन येतो, म्हणून ते चालतं. युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या फुटबॉल स्पर्धेत क्रम उलटा आहे : आधी आपसातले सामने, मग एकूण गोलफरक. तालुका-जिल्हा पातळीवर, जिथे संघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, तिथे आमच्या मते हा दुसरा क्रमच घ्यावा. एकूण गोलफरक ठेवायचाच असेल तर त्याला मर्यादा घाला : एका सामन्यात ५ च्या वरचा फरक धरायचा नाही. मग ११-० आणि ५-० सारखेच.

गोलांच्या हिशेबाचं दुखणं आपल्याला नवं नाही. १९५८ च्या टोकियो आशियाई खेळांत भारत-पाकिस्तान सामना ०-० सुटला आणि सुवर्णपदक गोलांच्या सरासरीवर पाकिस्तानला गेलं. भारत एकही सामना न हरता दुसरा आला.

गटाच्या शेवटच्या सामन्यांच्या वेळेकडेही लक्ष ठेवा. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात अल्जीरियाने आपला शेवटचा गट सामना आदल्या दिवशी खेळून संपवला होता. दुसऱ्या दिवशी गिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया उतरले तेव्हा किती फरकाने निकाल लागला म्हणजे दोघंही पुढे जातात, हे दोघांना ठाऊक होतं. जर्मनीने दहाव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालवला. अल्जीरिया बाहेर. १९८६ पासून गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होतात.

तुमच्याकडे मैदान एकच असेल तर ते जमणार नाही. मग निदान तळाच्या संघाचा सामना शेवटी ठेवू नका. शेवटच्या दिवशी कोणाला किती गोल हवेत हे कळलेलं असतं आणि समोर खचलेला संघ असतो, म्हणून ११-० तिथेच होतात. ड सारख्या संघाचे सामने आधी उरकून घ्या. आणि ‘संघ अर्ध्यातून निघून गेला तर त्याचे सगळेच निकाल रद्द’ ही ओळ नियमपत्रकात आधीच टाका.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटाला शिकतो. तो म्हणतो, तिकडच्या कॉलेज हॉकीत राष्ट्रीय स्पर्धेला कोण जाणार हे निवड समिती मनाने ठरवत नाही, सूत्रावर ठरतं. खरं का? आणि आपल्या विद्यापीठात ते का करू नये?
*— निवृत्त प्राध्यापक, वरूड (जि. अमरावती)*

खरं आहे, फक्त ती बर्फावरची हॉकी. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेला १६ संघ जातात. कॉन्फरन्स नावाचे सहा गट आहेत, त्यांचे ६ विजेते थेट जातात. उरलेल्या १० जागा क्रमवारीवर. अनेक वर्षं ही क्रमवारी ‘पेअरवाइज’ पद्धतीने लागायची. प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशी जोडी लावायची आणि तीन गोष्टी पाहायच्या : आपसातले सामने, दोघांनीही ज्यांच्याशी सामने खेळले त्यांच्याविरुद्धची कामगिरी, आणि आरपीआय नावाचा आकडा. बरोबरी झाली तर आरपीआय ज्याचा जास्त, तो वर. जो जास्त जोड्या जिंकेल तो क्रमवारीत वर. २०२५-२६ पासून पुरुषांच्या स्पर्धेत याच्या जागी एनपीआय नावाचा निर्देशांक आला आहे. पाया तोच राहिला : किती टक्के जिंकलात आणि कोणाशी खेळून जिंकलात.

आरपीआयमध्ये स्वतःच्या जिंकण्याच्या टक्केवारीला २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला २१ आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना ५४. म्हणजे अर्ध्याहून जास्त वजन तुम्ही न खेळलेल्या सामन्यांचं. त्यातून गंमत अशी व्हायची की दुबळ्या संघाला हरवलं तर आकडा घसरायचा. मग असा विजय हिशेबातून वगळायची तरतूद करावी लागली. सूत्र काढलं की त्याला ठिगळं लावायचं कामही मागोमाग येतं.

वेळापत्रकाचा अन्यायही तिथे आहे. श्रीमंत कॉलेजं दुबळ्यांना आपल्याच रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) बोलावतात, स्वतः फारशी बाहेर पडत नाहीत. त्यावर उपाय म्हणून घरच्या विजयाचं वजन ०.८ आणि परक्या रिंकवरच्या विजयाचं १.२ केलं. पराभवाला उलट : घरी हरलात तर १.२, बाहेर हरलात तर ०.८. हार्वर्ड, प्रिन्स्टन यांच्यासारखी आयव्ही लीगची कॉलेजं हंगाम उशिरा सुरू करतात आणि कमी सामने खेळतात : २९, बाकीचे ३४ पर्यंत. म्हणून एकूण विजय न मोजता टक्केवारी मोजतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हे सूत्र उचलून आपल्याकडे लावू नका. तिथे एकेक संघ तीसेक सामने खेळतो, गटाबाहेरच्यांशीही खेळतो, म्हणून आकड्यांना बूड असतं. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एखादा संघ दोन सामन्यांत बाहेर पडतो. दोन सामन्यांची टक्केवारी काढून प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांपर्यंत पोचणं म्हणजे चार दाण्यांवरून अख्ख्या शेताचा उतारा सांगणं.

घेण्यासारखं आहे ते वेगळं. हिशेब हंगामाआधी जाहीर असतो, म्हणून मिनेसोटातल्या तुमच्या भाच्यालाही कागद-पेन घेऊन क्रम काढता येतो. एकाच कॉन्फरन्सचे संघ पहिल्या फेरीत समोरासमोर येणार नाहीत असं बघतात. आपल्या विभागीय स्पर्धेत एकाच जिल्ह्याच्या संघांसाठी हे सहज करता येईल. आणि यजमान कॉलेज पात्र ठरलं तर ते आपल्याच केंद्रावर खेळणार, हे आधीच लिहिलेलं असतं. यजमानाला फायदा मिळतो तो मिळतोच, पण लपून मिळत नाही.

आपल्याकडची पुढची शिडीही लक्षात घ्या. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण या चार विभागांतले पहिले चार-चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला. म्हणजे तिथेही १६ च. फरक एवढाच की आपल्या १६ जागा विभागांना समान वाटलेल्या आहेत. एखाद्या विभागातला पाचवा संघ दुसऱ्या विभागातल्या चौथ्यापेक्षा तगडा असला तरी तो घरीच बसतो. कुठली पद्धत बरी? देश एवढा मोठा आणि विभागांचे आपसातले सामने जवळजवळ नाहीत, हे पाहता आमचं मत समान वाटपाच्याच बाजूने आहे.

प्रश्न : आमच्या कॉलेजने अजिंक्यपद मिळवलं, पण विद्यापीठाच्या संघात आमचा एकच खेळाडू. पहिल्या फेरीत हरलेल्या कॉलेजचे चार. विचारलं तर ‘निवड समितीचा निर्णय’ एवढंच उत्तर. काय करता येईल?
*— एका खेळाडूचे वडील, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)*

विजेत्या संघातून किती जण घ्यायचे याचा कोटा नसतो आणि नसावाही. चांगला गोलकीपर पहिल्या फेरीत हरलेल्या संघात असू शकतो. उलट त्याला जास्त चेंडू अडवावे लागलेले असतात, म्हणून तो नजरेत भरतो. त्यामुळे चार आणि एक या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. चाचणी कशी घेतली, हे विचारा.

नीट चाचणी अशी असते. ३६ जण बोलावले तर १२-१२ चे तीन मिश्र संघ, एका कॉलेजची पोरं तिन्हींत विभागून. छातीवर कॉलेजचं नाव नाही, फक्त नंबर. प्रत्येक संघ उरलेल्या दोघांशी ३० मिनिटं खेळतो, म्हणजे बदली सोडल्यास प्रत्येकाला जवळपास तासभर मैदानात मिळतो. गोलकीपर फिरवत ठेवायचे, नाहीतर भक्कम बचावफळीमागे उभा राहिलेला कीपर चांगला दिसतो. तीन निवडकर्ते, तिघांकडे वेगळे कागद : चेंडूवरचा ताबा, पासचा निर्णय, चेंडू जवळ नसतानाची हालचाल, टॅकल. प्रत्येकाला १० पैकी गुण. कागद गोळा झाल्यावरच चर्चा. आधी चर्चा झाली की सगळ्यात वयस्कर माणसाचं मत तिन्ही कागदांवर उतरतं. ज्या निवडकर्त्याच्या कॉलेजचा खेळाडू मैदानात आहे त्याने त्या खेळाडूला गुण द्यायचे नाहीत. बाकी दोघांची सरासरी धरायची. धावण्याची चाचणी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढ्यापुरतीच ठेवावी. तिच्या गुणांवर क्रम लावला की हॉकीपटूंऐवजी धावपटू निवडले जातात.

ग्रामीण पोरांचं एक हमखास नुकसान टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, होतं. मुरमाच्या मैदानावर चेंडू उडतो आणि मंदावतो, म्हणून पोरगा स्टिक उभी धरून, थोडं थांबून चेंडू घेतो. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगाने येतो. तीच सवय घेऊन उतरला की पहिले दहा-पंधरा चेंडू स्टिकखालून जातात आणि निवडकर्ता कागदावर काट मारतो. चाचणी टर्फवर असेल तर आदल्या संध्याकाळी तासभर सराव द्यावा, अशी मागणी लेखी करा. ती मान्य झाली नाही तर निदान सकाळी लवकर पोचा, टर्फचे बूट उसने घ्या आणि स्टिक जमिनीलगत ठेवून आडवी धरून चेंडू अडवायचा सराव करा.

कागदोपत्री मार्ग दोन. निवडीनंतर लगेच विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण व क्रीडा विभागाच्या संचालकांना अर्ज द्या, निकष आणि आपल्या मुलाचे गुण मागा, पोच घ्या. दुसरा, माहिती अधिकाराचा अर्ज : १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत ३० दिवस. तोवर संघ खेळून परत आलेला असतो, म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून पुढच्या वर्षीचे निकष चाचणीच्या परिपत्रकातच छापा, अशी मागणी कॉलेजच्या लेटरहेडवर आत्ताच द्या. चाचणीआधी निकष मागणारं कॉलेज कोणालाच खटकत नाही, नंतर मागणारं खटकतं.

प्रश्न : आम्ही सिरोंच्याहून गडचिरोलीला जातो. सकाळी ८ चा सामना लागला तर रात्री प्रवास करावा लागतो. वेळ बदलून मागता येते का?
*— संघ व्यवस्थापक, सिरोंचा*

मागता येते, पण ड्रॉ जाहीर झाल्यावर मागितली तर इतर संघ हरकत घेतात. अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात, रस्त्याची अवस्था तुम्हीच जाणता. प्रवेशिकेसोबतच लिहून द्या : अंतर, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ. आयोजकांनी एकच ओळ नियमात घालावी : १०० किलोमीटरहून जास्त अंतरावरून येणाऱ्या संघाचा पहिला सामना पहिल्या दिवशी दुपारी १२ च्या आधी नाही. याने ड्रॉ बदलत नाही, त्या जोडीची वेळ तेवढी बदलते. तेही जमत नसेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम यजमानाने द्यावा. कॉलेजच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या तरी चालतं. रात्रभर गाडीत बसून आलेल्या पोरांना पाठ टेकायला मिळाली पाहिजे.

प्रश्न : उपांत्य सामना बरोबरीत सुटला आणि पंचांनी पेनल्टी स्ट्रोक (ठरलेल्या जागेवरून थेट गोलवर मारायचे फटके) घ्यायला लावले. शूटआउट का नाही?
*— खेळाडू, कारंजा (जि. वाशीम)*

आता आंतरराष्ट्रीय हॉकीत शूटआउटच असतं : प्रत्येकी पाच खेळाडू, २२.९० मीटरच्या रेषेवरून सुरुवात, एकट्या गोलकीपरसमोर ८ सेकंद. अनेक मैदानांवर ती रेषाच आखलेली नसते, म्हणून पंच स्ट्रोकवर निभावतात. मागच्या रेषेपासून टेप लावून फक्कीने २२.९० वर रेघ मारायला पाच मिनिटं लागतात. आठ सेकंदांसाठी वेगळा माणूस आणि वेगळी शिटी ठेवा. पंच घड्याळाकडे पाहत राहिला तर फाऊल निसटतो.

प्रश्न : सामन्याच्या ४० व्या मिनिटाला पाऊस आला, आम्ही १-० ने पुढे. दुसऱ्या दिवशी सामना पहिल्यापासून खेळवला आणि आम्ही हरलो. हे बरोबर का?
*— प्रशिक्षक, तुमसर (जि. भंडारा)*

आमच्या मते नाही. थांबला तिथूनच सुरू करायचा : ४० वं मिनिट, १-० गुणफलक, तेच खेळाडू, तीच कार्डं. हिरव्या-पिवळ्या कार्डाची शिक्षा उरली असेल तर तेवढी मिनिटं तो खेळाडू बाहेर. स्पर्धेच्या नियमपत्रकात याबद्दल काहीच लिहिलं नसेल तर आयोजकांना मोकळं रान मिळतं, तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं. पाऊस आल्याबरोबर दोन्ही कर्णधारांच्या सह्यांनिशी वेळ, गोल, कार्डं आणि चेंडू कोणाकडे होता हे तांत्रिक टेबलावरच्या स्कोअरशीटवर लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी तो कागद पुढे केला की सामना पहिल्यापासून सुरू करणं अवघड जातं.